ती मशीनमागून बाहेरच येत नाही. तरी घरी आणावी का?

प्रिय ताई,

आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर टू बीएचकेमध्ये राहतो. मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. आम्ही दोघंही नोकरी करतो, दिवसभर घरी सासूबाईच असतात. कुत्रा पाळायचं बरेच दिवस मनात होतं. गेल्या महिन्यात धायरीला एका ताईंकडे फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला, असलेली दोन वर्षांची इंडी, म्हणजे देशी कुत्री, बघून आलो. बांधकामाच्या साइटवरून तिला उचललं होतं, सात महिने त्यांच्याकडे आहे. नाव राणी. आम्ही तासभर बसलो, तेवढा वेळ ती वॉशिंग मशीनमागे होती. फक्त कान दिसत होते. ताईंची स्वतःची दोन कुत्री मात्र आमच्या अंगावर येऊन खेळत होती. ताई म्हणाल्या, "लाजरी आहे, वेळ द्यावा लागेल. पण गुणी आहे, आम्हीच असलो की घरभर फिरते." मुलाने तर तिचं नाव कोको ठेवूनही टाकलंय. नवरा म्हणतो, इतकं घाबरट जनावर आणण्यापेक्षा पिल्लू आणू, लळा तरी लागेल. सासूबाई काही बोलत नाहीत, पण त्यांना केसांचं आणि देवघराचं टेन्शन आहे. मला मात्र ते कान डोळ्यांसमोरून हलत नाहीत. आणावी का तिला? की तिथून हलवून आपण तिचे हालच करू?

– एक वाचक, कोथरूड

---

आणा. पण या महिन्यात नको, आणि एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तर मुळीच नको.

ती गोष्ट म्हणजे, त्या दोन कुत्र्यांशिवाय राणी कशी वागते. तुमच्या पत्रात मी थबकले ती कानांपाशी नाही, ताईंच्या कुत्र्यांपाशी. बुजऱ्या कुत्र्याला धीर येतो तो आधी दुसऱ्या कुत्र्यांकडून, माणसांचा नंबर मागून लागतो. ती दोघं दाराकडे धावली की ही चार पावलं मागून धावते. ती फरशीवर पसरली की हिचंही अंग सैल होतं. त्यांनी वाटीत तोंड घातलं की हिलाही भूक लागते. ताई खोटं बोलत नाहीयेत. राणी त्यांच्या घरात फिरत असणारच. फक्त तुमच्या घरात तिला कोणाच्या मागून चालायची सोय नसेल. "फॉस्टरकडे तर किती छान होती!" अशी जी तक्रार दत्तक घेतल्यावर पंधरा दिवसांनी होते, तिच्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून ताईंना विनंती करा. पुढच्या भेटीत त्यांच्या दोघांना घरातलं कोणी तासभर बाहेर घेऊन जाऊ दे. तुम्ही आणि ताई घरात, राणी घरात. बघत राहा. ती मशीनमागे गप्प बसली, अर्ध्या तासाने मान बाहेर काढून हवेत नाक फिरवलं, कोणी बघत नाही असं पाहून जवळ टाकलेला चिकनचा तुकडा उचलला, तर उत्तम. पण ती दाराला ओरबाडायला लागली, लाळ गाळत धापा टाकत येरझाऱ्या घालू लागली, आवडीचा खाऊ नाकासमोर असूनही तोंड लावेना, तर तिला दुसरं कुत्रं असलेलंच घर हवं आहे. तसं निघालं तर वाईट वाटून घेऊन हट्टाने आणू नका. तिच्यासाठी तसं घर शोधायला ताईंना मदत करा, ते जास्त उपयोगाचं.

दुसरी गोष्ट विचारून घ्यायची, आणि घरात मूल आहे म्हणून न लाजता विचारायची: कोपऱ्यात अडकली तर ती काय करते? भित्र्या कुत्र्यांत ढोबळ दोन जाती. एक जागच्या जागी गोठते किंवा पळते. दुसरी पळायला वाट नसेल तर दात लावते. दोन्हींत भीती तेवढीच, पण आठ वर्षांच्या मुलाच्या घरात दुसरीला आणायला मी सांगणार नाही. गेल्या सात महिन्यांत कधी चावली का, लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांकडे काय झालं, औषध पाजताना, पंजा पुसताना, खाताना जवळ कोणी गेलं तर काय करते, हे सगळं विचारा. "नाही हो, कध्धीच नाही" एवढ्यावर समाधान मानू नका, प्रसंग सांगायला लावा. चांगल्या फॉस्टरला असे प्रश्न आवडतात. त्याही तुम्हाला विचारतील, तुमचं घर बघायला येतील, करारावर सही घेतील. येऊ दे. गॅलरीला जाळी आहे की नाही हे बघणारी फॉस्टर कटकटी वाटते, पण ती भली असते.

आता नवऱ्याच्या मुद्द्याकडे. तो चुकीचा नाही. कुत्र्याच्या पिल्लाचा माणसांशी, आवाजांशी, जगाशी ओळख करून घ्यायचा मुख्य काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. त्या दिवसांत ज्याने माणसाचा प्रेमाचा हात पाहिला नाही, त्याला पुढे माणूस कायम जरा परकाच वाटतो. राणीचे ते दिवस साइटवर गेले असावेत. त्यामुळे ती कधीतरी पाहुण्यांच्या मांडीवर चढेल, अशी आशा धरून तिला आणू नका. तुम्हा चौघांशी ती मोकळी होईल, कदाचित फार गोडही होईल. दारावरची बेल वाजली की मात्र जन्मभर आतल्या खोलीत जाईल. हे चालणार असेल तरच पुढे वाचा.

पण पिल्लू म्हणजे सोपं, हा गैरसमज त्यांच्या डोक्यातून काढा. दोन महिन्यांचं पिल्लू दर तासा-दीड तासाला शू करतं, दात येताना चपला, चार्जर आणि सोफ्याचे कोपरे फस्त करतं, लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत पार्वो या जीवघेण्या आजाराची भीती डोक्यावर असते, आणि हे सगळं सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कोणाच्या गळ्यात? सासूबाईंच्या. शिवाय ते मोठं होऊन कसं निघेल ते कोणाला ठाऊक! दोन वर्षांच्या राणीत निदान जे आहे ते समोर दिसतंय.

सासूबाई बोलत नाहीत असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात खरा निर्णय त्यांचा आहे. त्यांना पटवू नका, विचारा. केस गळणार, आमच्या घरी रोज दोनदा केर निघतो. देवघराच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक लावता येतं. पंजे पुसायचं, शी उचलायचं, खायला घालायचं काम तुमच्या दोघांचं, त्यांचं नाही, हे आधी ठरवून टाका आणि पाळा. आणि एक गंमत सांगते, ती त्यांनाही वाचून दाखवा. अशी कुत्री घरात पहिला विश्वास कोणावर टाकतात? जो त्यांच्याकडे बघतही नाही त्याच्यावर. कुत्र्यासाठी जीव टाकणारा मुलगा तीन महिने हात पुढे करून बसलेला असतो आणि कुत्री जाऊन झोपते ती एका जागी बसून गवार निवडणाऱ्या आजींच्या पायाशी. तुमच्याकडेही असंच झालं तर मला नवल वाटणार नाही. मुलाला मात्र आधीच सांगून ठेवा, नाहीतर रडारड होईल.

कधी आणायचं? आषाढ चालू आहे, म्हणजे ढोलपथकांचा सराव नदीकाठी सुरू झालाच. मग गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी. पुण्यात भित्रं कुत्रं आणायला यापेक्षा वाईट हंगाम नाही. कुत्र्याला आपल्यापेक्षा दुपटीहून जास्त वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात. जिथे वास ओळखीचा नाही, लपायची जागा ठरलेली नाही, तिथे पहिल्या महिन्यात लक्ष्मीपूजनाची रात्र म्हणजे कहर. माझं मत, तुळशीची लग्नं लागून फटाके थांबले की आणा. तोवर दर रविवारी धायरीला जा. पण एक अडचण आहे, तीही समजून घ्या. फॉस्टरकडे जागा मोजकी असते, आणि राणी तिथे आणखी चार महिने राहिली तर रस्त्यावरचं दुसरं कोणीतरी तेवढे महिने बाहेर राहतं. म्हणून ताईंशी स्पष्ट बोला. तिचं खाणं, औषधं आजपासून आमच्याकडे लागू, असं म्हणा. त्यांना जागा लगेच हवी असेल तर मग विसर्जनानंतरच्या आठवड्यात आणा, आणि दिवाळीत गावाला जायचा बेत रद्द करा. त्या दिवसांत फिरवणं पाचच्या आत उरकायचं, आतली खोली, पडदे ओढलेले, पंखा फुल, टीव्ही चालू, आणि दाराला कडी.

या रविवारच्या भेटींत करायचं काय? जवळजवळ काहीच नाही. जमिनीवर बसा, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून. डोळ्याला डोळा देऊ नका. ताईंशी गप्पा मारा. अधूनमधून उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा तिच्या दिशेने टाका, मात्र तुमच्या हातातून घ्यायला बोलावू नका. हातातला तुकडा म्हणजे तिच्यासाठी पेच: खायचं तर आहे, पण माणूस जवळ आहे. मग ती मान लांब करून, मागचे पाय तसेच ताणलेले ठेवून तो उचलते आणि आपल्याला वाटतं, आली की! आलेली नसते, तिला ओढून आणलेलं असतं. लांब टाकलेला तुकडा खाऊन ती स्वतः एक पाऊल पुढे सरकली तर ते खरं. दोनचार भेटींनंतर दोन कुत्र्यांच्या सोबतीने तिच्याबरोबर फिरायलाही जा. आणि ताईंना सांगा, तिला जिना आणि लिफ्ट आत्तापासून दाखवायला घ्या. धायरीत अंगणात पळणाऱ्या कुत्रीला तिसऱ्या मजल्यावरचं जगणं माहीत नसतं, आणि लिफ्टचं दार बंद होताना जो धक्का बसतो, तो सगळ्यात मोठा अडथळा होऊन बसतो.

आणायच्या दिवशी रिक्षा करू नका. दोन्ही बाजू उघड्या, सिग्नलला थांबलेली, बाजूला बुलेट फटफटतेय. तिथून कुत्री उडी मारून गेली की हाती लागत नाही. बंद गाडी, शक्यतो ताईंची, कारण तिचा वास तिला माहीत आहे. आणि पट्टा हातात घट्ट धरल्याशिवाय गाडीचं दार उघडायचं नाही.

पट्ट्याबद्दल जरा लांबण लावते, कारण भित्र्या कुत्र्यांचा पहिल्या महिन्यातला सगळ्यात मोठा धोका उपासमार नाही, आजार नाही, तर पळून जाणं हा आहे. साधा गळपट्टा घाबरून मागे रेटा दिलेल्या कुत्र्याच्या डोक्यावरून सहज निघतो. इंडींची मान जाड आणि डोकं निमुळतं. साधा हार्नेसही, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, ती खांदे आकसून काढते. बरगड्यांच्या मागे, पोटाभोवती तिसरा पट्टा असलेला हार्नेस घ्या आणि त्याच्या जोडीला गळ्यात मार्टिंगेल, म्हणजे ओढला की थोडासाच आवळणारा पट्टा. दोन्हींना एकेक दोरी, निदान पहिले काही महिने. ती आपोआप गुंडाळणारी, प्लास्टिकच्या मुठीची दोरी अजिबात नको. हातातून सुटली की ती मूठ फरशीवर खडखडत कुत्र्याच्या मागे धावते आणि कुत्रं तिला घाबरून आणखी पळत सुटतं. गळ्यात तुमचा मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला, घरातसुद्धा. मुख्य दाराच्या आत एक आडवं फाटक बसवा. दूधवाला, कुरिअर, कचरा न्यायला येणाऱ्या मावशी, दार सतत उघडत असतं.

एवढं करूनही सुटलीच तर मागे धावू नका. माणूस मागे लागला की ती वारज्यापर्यंत थांबणार नाही. आधी ताईंना फोन. त्यांचा आवाज, त्यांची दोन कुत्री, त्यांनी वापरलेली चादर, यांवर ती परत येण्याची शक्यता तुमच्या हाकांपेक्षा जास्त. वॉचमन आणि पानवाल्यांना फोटो द्या आणि खाली मोठ्या अक्षरात लिहा: पकडू नका, फक्त फोन करा.

घरातली तिची जागा तुम्ही आधी ठरवा, नाहीतर ती पलंगाखालची ठरवेल, आणि तिथून औषधासाठी बाहेर काढायची वेळ आली की केलेलं सगळं पाण्यात. येण्याजाण्याच्या वाटेवर नसलेला कोपरा बघा, स्वयंपाकघरापासून लांब. कुकरच्या शिट्टीला, मिक्सरला बरीच कुत्री हळूहळू सरावतात, पण पहिल्याच दिवशी कानाशी नको. टेबलावरून चादर खाली सोडली तरी गुहा होते. आत ताईंकडची न धुतलेली चादर. पाणी जवळच. गॅलरी बंद. आणि केरसुणी, मॉपची काठी तिच्यासमोर उगारल्यासारखी उचलू नका. साइटवर वाढलेल्या कुत्र्याला काठीचा अनुभव असायची शक्यता बरीच आहे.

आता माझा खरा मुद्दा. तुमच्या घरात प्रेमाला तोटा नाही, हे पत्रावरून दिसतंय. प्रश्न असा आहे की, तुम्हाला चौघांना हात आवरता येतील का? आपल्याकडे कोणी कोपऱ्यात बसलं की "अगं, ये ना बाहेर" म्हणून ओढायची सवय असते. शेजारच्या काकू बघायला येणार, मुलाचे मित्र येणार, नणंद व्हिडिओ कॉल लावून "दाखव ना" म्हणणार. पहिला महिनाभर कोणीही बघायला यायचं नाही. तिच्या कोपऱ्यात हात घालायचा नाही, डोक्यावरून हात फिरवायचा नाही, झोपेत स्पर्श नाही, मिठी तर नाहीच. तुम्हाला दया येते आहे, आणि दया आली की हात पुढे जातोच. इथे तो मांडीवरच ठेवायचा.

मुलासाठी काम काढा, नुसतं "नको" म्हणून चालणार नाही. रोज संध्याकाळी तिच्या कोपऱ्यापासून सात-आठ फुटांवर बसून त्याने मोठ्याने पुस्तक वाचायचं. एकसुरी, शांत आवाज, नजर पुस्तकात, अधूनमधून एक खाऊ तिच्या दिशेने. परदेशातल्या काही निवारागृहांत बुजऱ्या कुत्र्यांसाठी मुलांकडून हेच करून घेतात. मराठीचं वाचन सुधारेल तो फायदा वेगळा. आणि गुरगुरण्याबद्दल त्याला नीट समजवा. राणी गुरगुरली तर तिला रागवायचं नाही, थांबायचं आणि मागे सरायचं. गुरगुरणं ही तिने दिलेली सूचना आहे. रागावून ती बंद केलीत तर पुढच्या वेळी ती सूचना न देता चावेल. त्याच्याही आधीच्या खुणा असतात: भूक नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान फिरवून डोळ्याचा पांढरा कोर दाखवणं. घरातल्या सगळ्यांनी या तीन पाठ करा. आणि चुकून दात किंवा नख लागलंच, तर तिची रेबीजची लस झालेली असली तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. यात हयगय नको.

पहिले दोन-तीन दिवस ती खाणार नाही कदाचित, दिवस-दिवस शूही रोखून धरेल. घाबरू नका, पण पाणीही पीत नसेल तर डॉक्टरांना फोन करा. जेवण ताईंकडे जे चालू होतं तेच, त्याच वेळेला. बदल करायचा तो नंतर, आठवडाभरात हळूहळू. घरात सांडलं तर गाजावाजा न करता पुसा. लिफ्टची सवय नसेल तर रात्री सगळं निजानीज झाल्यावर जिन्याने खाली न्या, चिकनच्या तुकड्यांची वाट आखत. जिनाही जमेना तर बाथरूममध्ये जुनं पायपुसणं टाका, तेही चालतं. उचलून नेऊ नका.

मग एका रात्री दोन-अडीचच्या सुमाराला तुम्हाला जाग येईल आणि हॉलमध्ये फरशीवर नखांची टिकटिक ऐकू येईल. सगळे झोपलेत अशी खात्री करून ती घर बघते आहे. चपलांच्या रॅकपाशी थांबून एकेक चप्पल हुंगेल, देवघराच्या फाटकाशी नाक लावेल, सासूबाईंच्या दाराशी थबकेल. उठू नका, दिवा लावू नका, मोबाइल तर काढूच नका. बहुतेक बुजऱ्या कुत्र्यांचा नव्या घरातला पहिला प्रवास असा रात्रीच होतो. त्यानंतर बघायच्या त्या लहान गोष्टी: तुम्ही खोलीत असताना ती जेवली का, मुटकुळं करून झोपण्याऐवजी पाय पसरून कुशीवर झोपली का, उठल्यावर पुढचे पाय ताणून आळस दिला का, तुम्ही फोनवर बोलत असताना पायाचा वास घेऊन गेली का. शेपूट हलवणं बऱ्याच नंतर येतं.

इंटरनेटवर तुम्हाला नवं कुत्रं रुळायचा तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशोब सापडेल. सर्वसाधारण कुत्र्याला तो ठीक असेल. राणीसारखीला लावू नका, कारण तीन महिने झाले की घरात कुजबुज सुरू होते, "अजून नाही ना झाली." सहा महिने धरा, वर्ष धरा. मात्र आठ-दहा आठवड्यांत वर सांगितलेल्यांपैकी काहीच दिसत नसेल, तर नुसती वाट बघत बसू नका. प्राण्यांच्या वागणुकीची जाण असलेल्या डॉक्टरला दाखवा. भीती कमी करायच्या रोजच्या गोळ्या असतात, त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्याने कुत्रं गुंगत नाही, शिकायच्या मनःस्थितीत येतं. "औषधाने का म्हणून?" असं विचारणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. फक्त दोन गोष्टी नकोत. एक, घरातल्या माणसांच्या गोळ्या. आयब्रुफेन, पॅरासिटामॉलसुद्धा कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. दुसरी, दिवाळीत झोपवून ठेवायला पूर्वी सर्रास देत तसं नुसतं अ‍ॅसप्रोमाझिन. त्याने शरीर सुस्त पडतं, भीती तशीच राहते, आणि पळायलाही येत नाही.

ताईंकडून लसींचं कार्ड, नसबंदी कधी झाली त्याचा कागद आणि अलीकडचा रक्ताचा रिपोर्ट घ्या. कानाला व्हीसारखी खाच असेल तर नसबंदी पालिकेच्या मोहिमेत झाली असावी. पावसाळ्यात गोचिडांपासून येणारा ताप आपल्याकडे घरोघरी. मलूल पडणं, न खाणं, कोपऱ्यात बसणं ही त्याचीही लक्षणं आहेत, आणि बुजऱ्या कुत्र्यात ती "घाबरली असेल" म्हणून खपून जातात. शंका आली की प्लेटलेट्स तपासून घ्या. पहिल्या तपासणीला डॉक्टरलाच घरी बोलावता आलं तर बरं.

सोसायटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी विषय काढेलच. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्री पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी जादा पैसेही लावता येत नाहीत. महापालिकेचा परवाना मात्र काढा, आणि शी उचला. शी उचलली की सूचना दाखवायची वेळ बहुधा येत नाही.

नाव राणीच राहू दे. सगळं जग बदलणार आहे, तिच्या ओळखीचा तेवढा एक आवाज तरी सोबत येऊ दे. मुलाला कोको फारच हवं असेल तर पुढच्या वर्षी बघू.

शेवटचं, करारात लिहून घ्या की नाहीच जमलं तर राणी ताईंकडेच परत जाईल, आणि "नाहीच जमलं" हे त्यांना वेळेवर कळवायची जबाबदारी तुमची. कोणी ना कोणी सुचवेल, "गावाला आमचं शेत आहे, तिथे सोडा, मोकळी राहील." तिथे सोडलेलं भित्रं कुत्रं पहिल्याच रात्री पळतं आणि गावातली कुत्री त्याला फाडतात. असं सुचवणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा, आणि ताईंना फोन करून विचारा, रविवारी त्यांच्या दोन कुत्र्यांना फिरायला कोण नेऊ शकेल.